अँटिबायोटिकनंतर तग धरून उरणारे जिवाणू : पहिला प्रयोग कसा लावावा

एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टला विषय काय घ्यावा, असं विचारत येणाऱ्या मुलामुलींना मी सध्या एकच विषय आग्रहाने सुचवते. अँटिबायोटिकचा पूर्ण मारा होऊनही जे मूठभर जिवाणू जिवंत राहतात आणि औषध निघून जाताच पुन्हा वाढू लागतात, त्यांचा अभ्यास. यांना पर्सिस्टर म्हणतात. कडुनिंबाच्या किंवा तुळशीच्या अर्काचे झोन, म्हणजे प्लेटवर जिवाणू न वाढलेली वर्तुळं, मोजण्याचे प्रोजेक्ट आपल्याकडे खूप होतात आणि त्यातून हात बसतो हे खरं आहे. पण पर्सिस्टरच्या प्रयोगात हात बसतोच, शिवाय एक जिवंत प्रश्नही हाती लागतो. त्यासाठी पीसीआर नको, सिक्वेन्सर नको. शेकर, इन्क्युबेटर, छोटं सेंट्रिफ्यूज, ओडी (द्रवाचा गढूळपणा) मोजायला कलरीमीटर किंवा स्पेक्ट्रोफोटोमीटर, मायक्रोपिपेट आणि भरपूर प्लेटा एवढ्यावर तो सोलापुरातल्या साध्या लॅबमध्ये उभा राहतो. कस लागतो तो वेळेच्या शिस्तीचा. का, ते पुढे येईलच.

आधी तीन प्रकार वेगळे करा

व्हायवामध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून यावर थोडं थांबू.

रेझिस्टंट जिवाणू औषध समोर असतानाही वाढतो. त्याच्या जनुकात बदल झालेला असतो किंवा बाहेरून प्लाझमिड (डीएनएचं सुटं छोटं वर्तुळ) आलेलं असतं. त्याची एमआयसी, म्हणजे वाढ रोखायला लागणारी औषधाची किमान मात्रा, वाढलेली असते. टॉलरंट कल्चरमध्ये (कल्चर म्हणजे माध्यमात वाढवलेले जिवाणू) एमआयसी तीच राहते, पण सगळ्याच पेशी सावकाश मरतात. पर्सिस्टरची गोष्ट तिसरीच आहे. कल्चरमधल्या बहुतेक पेशी झपाट्याने मरतात आणि अगदी थोड्या उरतात. उरलेल्यांची जनुकं तीच, एमआयसीही तीच. त्यांना वाढवून पुन्हा औषध दिलं तर त्यांची पिल्लावळही तशीच मरते आणि पुन्हा तेवढ्याच थोड्या पेशी मागे राहतात.

हे कसं घडतं, ते समजायला आपल्या गावातलाच यंत्रमाग पुरे. चालू मागात अडथळा आला की ताण्याचे धागे तटातट तुटतात. बंद मागात तोच अडथळा दिवसभर अडकून राहिला तरी कापडाला काही होत नाही. अॅम्पिसिलिन पेशीभित्ती बांधण्याचं काम बिघडवतं, सिप्रोफ्लॉक्सॅसिन डीएनएची गुंडाळी सांभाळणाऱ्या एन्झाइमला धरतं. ही कामं जोरात चालू असलेली पेशी मरते. ज्या पेशीने ती मंद केली आहेत किंवा थांबवली आहेत, ती बऱ्याचदा वाचते. सगळेच पर्सिस्टर असे पूर्ण थांबलेले असतात असं मात्र समजू नका. त्यांचे मार्ग एकाहून जास्त आहेत.

१९४४ मध्ये आयर्लंडचे जिवाणुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी स्टॅफिलोकोकसवर पेनिसिलिन वापरलं, तेव्हा कल्चर काही केल्या पूर्ण निर्जंतुक होईना. उरलेल्या पेशी वाढवून पाहिल्या तर त्या पेनिसिलिनला पहिल्याइतक्याच बळी पडत होत्या. पर्सिस्टर हे नाव त्यांनीच दिलं. त्यांनी केलेली ही दुसरी तपासणी तुम्हालाही करायची आहे. तिच्याशिवाय ‘पर्सिस्टर मिळाले’ असं लिहिता येत नाही.

क्षयाचे उपचार सहा महिने चालतात, त्यामागेही अशा चिवट उरणाऱ्या जिवाणूंचा मोठा वाटा मानला जातो. पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक जिवाणू मरतात, रुग्णाला बरं वाटू लागतं, वजन वाढतं. पुढचे चार महिने असतात ते उरलेल्यांसाठी. विषयाचं महत्त्व घरी समजावून सांगायचं असेल तर हे उदाहरण द्या. पण क्षयाच्या जिवाणूला कॉलेजच्या लॅबमध्ये हात लावायचा नाही. त्याला वेगळ्या सुरक्षा पातळीची लॅब लागते.

कोणता जिवाणू, कोणतं औषध

पहिल्या प्रयोगाला ई. कोलायचा प्रमाणित स्ट्रेन (वाण) घ्या. एटीसीसी २५९२२ उत्तम, कारण त्याच्या एमआयसीच्या ठरलेल्या मर्यादा उपलब्ध आहेत. म्युलर-हिंटन ब्रॉथ या द्रव माध्यमात अॅम्पिसिलिनसाठी २ ते ८ मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर, सिप्रोफ्लॉक्सॅसिनसाठी ०.००४ ते ०.०१६. तुमचा आकडा या मर्यादेत बसला की औषध, स्ट्रेन आणि हात तिन्ही ठीक आहेत असं समजा. स्ट्रेन पुण्याच्या एनसीएलमधल्या संग्रहातून किंवा चंडीगडच्या एमटीसीसीमधून मागवता येतात. अर्ज लवकर करा.

सिव्हिल हॉस्पिटलमधून एखादा ‘जबरदस्त’ आयसोलेट, म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातून वेगळा काढलेला जिवाणू, आणायचा मोह होतो. आधी नको. रुग्णांच्या नमुन्यांना एथिक्स कमिटीची परवानगी लागते. शिवाय तो आयसोलेट आधीच रेझिस्टंट असला तर पर्सिस्टर वेगळे दिसणारच नाहीत.

स्ट्रेन हातात आला की पहिल्याच दिवशी ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमध्ये गोठवलेला साठा) करून ठेवा आणि दर प्रयोगाला त्यातूनच प्लेटवर नवीन स्ट्रीक करा, म्हणजे रेघा ओढून सुट्या कॉलनी मिळवा. स्लँटवरून स्लँटवर (ट्यूबमधल्या तिरक्या आगरवर) महिनोन् महिने कल्चर फिरवत राहू नका. या विषयात एक मोठा धडा घडून गेला आहे. टॉक्सिन-अँटिटॉक्सिनच्या (पेशीचं काम रोखणारं विष आणि त्याला आवरणारा उतारा, अशा जनुकांच्या) १० जोड्या काढून टाकल्या की ई. कोलायमध्ये पर्सिस्टर घटतात, असं २०११ च्या एका गाजलेल्या शोधनिबंधात मांडलं गेलं. पुढे उघड झालं की त्या स्ट्रेनमध्ये फाय-८० नावाचा, जिवाणूंना लागण करणारा विषाणू नकळत घुसलेला होता. २०१८ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. एवढ्या मोठ्या लॅबमध्ये हे होऊ शकतं, तर आपण स्टॉकबद्दल किती जपायला हवं ते पाहा.

औषध शुद्ध पावडर म्हणून घ्या. मेडिकलमधल्या कॅप्सूल फोडून वापरू नका. त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात आणि मात्रेचा हिशोब चुकतो. अॅम्पिसिलिनचं सोडियम सॉल्ट पाण्यात विरघळतं, पण द्रावण फार टिकत नाही. छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे २० अंशांवर ठेवा, एकदा वितळलेली ट्यूब परत गोठवू नका. सिप्रोफ्लॉक्सॅसिन उजेडाने खराब होतं, त्याला फॉइल गुंडाळा. त्याचं हायड्रोक्लोराइड घेतलंत तर ते पाण्यात सहज विरघळतं.

दोन्हींची एमआयसी स्वतः काढा. एकदा म्युलर-हिंटनमध्ये प्रमाणित पद्धतीने, आणि एकदा ज्या माध्यमात खरा प्रयोग करणार त्या एलबीमध्ये. मारण्याच्या प्रयोगात मात्रा एमआयसीच्या निदान दहापट हवी. अॅम्पिसिलिन १०० आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन १ मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर या मात्रा या स्ट्रेनला पुरेशा आहेत.

कल्चरचा पूर्वेतिहास

माझ्या मते सगळा प्रयोग इथे जिंकला किंवा हरला जातो. मोजलेली पर्सिस्टरची संख्या हा निव्वळ त्या स्ट्रेनचा गुण नाही. औषध घालण्याआधीच्या काही तासांत कल्चरवर काय काय गुजरलं, त्याची ती नोंद असते.

रात्रभर वाढलेलं कल्चर स्टेशनरी अवस्थेत, म्हणजे वाढ थांबलेल्या अवस्थेत असतं. त्यात मंदावलेल्या पेशींचा भरणा असतो. त्यातलं थोडं ताज्या माध्यमात घातलं की बहुतेक पेशी जाग्या होऊन विभागू लागतात, पण काही तशाच पडून राहतात. तुम्हाला वाटतं फ्लास्कमध्ये सगळ्या तरण्या पेशी आहेत, प्रत्यक्षात कालच्या म्हाताऱ्या पेशीही त्यातच असतात. औषध पडल्यावर वाचतात त्या बऱ्याचदा याच. २००४ मध्ये नताली बालाबान आणि सहकाऱ्यांनी एकेक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली अखंड पाहून दाखवलं, की पर्सिस्टर पेशी औषध येण्याआधीपासूनच वेगळ्या गतीने चालत होत्या.

म्हणून क्रम असा ठेवा. एलबी आगरवर स्ट्रीक करा. एक सुटी कॉलनी ५ मिलीलिटर एलबीमध्ये घालून ३७ अंशांवर, शेकरवर, बरोबर १६ तास वाढवा. ‘रात्रभर’ असं जर्नलमध्ये लिहू नका, कारण एकाची रात्र १२ तासांची असते, दुसऱ्याची २० तासांची, आणि पर्सिस्टरच्या संख्येत त्याने मोठा फरक पडतो. दुपारी २ वाजता लावलंत तर सकाळी ६ ला काढायचं. मग त्यातलं २५ मायक्रोलिटर, म्हणजे हजारपट विरळ होईल असं, २५ मिलीलिटर ताज्या एलबीमध्ये, २५० मिलीलिटरच्या फ्लास्कमध्ये घाला. ६०० नॅनोमीटरला ओडी ०.२ झाली की त्यातलं अर्धा मिलीलिटर परत २५ मिलीलिटर ताज्या एलबीमध्ये घाला आणि पुन्हा ०.२ पर्यंत वाढू द्या. या दुसऱ्या फेरीने जुन्या पेशी आणखी विरळ होतात. माध्यम आणि फ्लास्क आधीच ३७ अंशांवर आणलेले असावेत. फ्रिजमधून काढलेलं थंड एलबी घालणं म्हणजे पेशींना धक्का देणं. ओडी ०.३ च्या पलीकडे जाऊ देऊ नका. एलबीमध्ये त्यानंतर वाढीचा वेग बदलू लागतो.

प्रोजेक्टसाठी स्वतंत्र प्रश्न हवा असेल तर तो याच पायरीत दडलेला आहे. एक फ्लास्क एका फेरीचा, दुसरा दोन फेऱ्यांचा, तिसरा थेट १६ तासांच्या कल्चरचा. स्ट्रेन तोच, औषध तेच, मात्रा तीच. तिन्हींचे आलेख शेजारी शेजारी ठेवले की पूर्वेतिहासाचा परिणाम उघड दिसतो. नव्या माणसासाठी यापेक्षा चांगला विषय मला तरी दिसत नाही.

औषध घालणे आणि नमुने काढणे

या दिवशी दोघं असावेत. एकाने नमुने काढायचे, दुसऱ्याने विरळ करून प्लेटा घालायच्या. प्लेटा, सलाइनच्या ट्यूब, पिपेटच्या टिपांचे डबे यांवर आदल्या दिवशीच नावं घाला. ऑटोक्लेव्हसाठी लॅबच्या मामांना दोन दिवस आधी सांगून ठेवा.

औषध घालण्याआधी शून्य तासाचा नमुना काढा. तो विसरला तर पुढचं सगळं फुकट. मग औषध घाला, घड्याळ लावा, आणि अर्धा, १, २, ३, ४ आणि ६ तासांनी प्रत्येकी १ मिलीलिटर काढा. शेजारी औषधाविना एक फ्लास्क चालू ठेवा.

अॅम्पिसिलिनचा फ्लास्क पहिल्या तासाभरात नीट पाहा. धुरकट असलेलं कल्चर डोळ्यांदेखत निवळत जातं. फ्लास्क हलवला की वर फेस धरतो आणि उजेडासमोर धरला तर फुटलेल्या पेशींचे धाग्यासारखे पुंजके तरंगताना दिसतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिनमध्ये यातलं काही दिसत नाही. पेशी विभागायच्या थांबतात पण लांबत जातात, त्यामुळे ओडी खाली येत नाही, कधी वरही जाते. म्हणून किती मेल्या ते ओडीवरून ठरवायचं नाही, कॉलनी मोजूनच ठरवायचं.

नमुना छोट्या ट्यूबमध्ये सेंट्रिफ्यूज करा, वरचं द्रव अलगद काढा, तळाचा गोळा सलाइनमध्ये पुन्हा मिसळा. हे दोनदा. हेतू एवढाच की औषध प्लेटवर जाऊ नये. उशिराच्या नमुन्यांत गोळा डोळ्यांना दिसतही नाही, तेव्हा ट्यूबची बाहेरची बाजू खुणेने लक्षात ठेवा आणि तळाशी थोडं द्रव राहू द्या. मग दहा-दहापट विरळ करत जा आणि १०० मायक्रोलिटर पसरवा.

शून्य तासाला कल्चरमध्ये मिलीलिटरमागे साधारण १० कोटींच्या आसपास पेशी असतात, तेव्हा एक लाख पट विरळ केलेली प्लेट मोजता येईल अशी येते. तीन तासांनंतर मात्र न विरळ केलेली आणि दहापट विरळ केलेली प्लेट लागते. मोजायला ३० ते ३०० कॉलनींची प्लेट धरा.

न विरळ केलेल्या नमुन्याचे १०० मायक्रोलिटर पसरवले आणि एकही कॉलनी आली नाही, तर ‘शून्य’ लिहू नका. ‘मिलीलिटरमागे १० पेक्षा कमी’ असं लिहा. तुमची नजर तिथपर्यंतच पोचते. आणखी खाली पाहायचं असेल तर पूर्ण १ मिलीलिटरचा गोळा १०० मायक्रोलिटरमध्ये मिसळून सगळाच प्लेटवर घाला.

प्लेटा २४ तासांनी मोजा, पण फेकू नका. ४८ तासांनी पुन्हा मोजा. पर्सिस्टर उशिरा उठतात आणि दुसऱ्या दिवशी बारीक नव्या कॉलनी दिसणं अगदी नेहमीचं आहे.

आलेख आणि खातरजमा

आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर जिवंत पेशींचा लॉग. रेघ आधी उतारावरून घसरते आणि मग एका ठिकाणी वळून जवळजवळ आडवी होते. हा दोन टप्प्यांचा आलेख म्हणजे पर्सिस्टर असल्याची खूण. २०१९ मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांनी मिळून ज्या व्याख्या ठरवल्या, त्यांतही याच आलेखाला महत्त्व आहे. प्रमाण काढताना उरलेल्या पेशींना शून्य तासाच्या पेशींनी भागा. समजा १० कोटींपैकी १,००० उरल्या, तर प्रमाण लाखात एक.

पण रेघ आडवी होण्याची इतरही कारणं असू शकतात, ती एकेक करून बाद करावी लागतात.

पहिलं, औषधच संपलं असेल. सहा तासांनंतरचं द्रव गाळून त्यात ताज्या पेशी सोडा. त्या मरत असतील तर औषध शाबूत आहे. दुसरं, उरलेले जिवाणू रेझिस्टंट असतील. शेवटच्या प्लेटवरच्या चार-पाच कॉलनी उचला, औषधाविना वाढवा, त्यांची एमआयसी काढा आणि तोच मारण्याचा प्रयोग पुन्हा लावा. एमआयसी तीच आणि आलेख तसाच आला तर पर्सिस्टर. एमआयसी चढली तर तुम्ही म्युटंट पकडला आहे. सगळी रेघच संथ उतरू लागली तर टॉलरन्सकडे बघा. तिसरं, धुऊनही प्लेटवर औषध गेलं असेल, तर उलट चूक होते आणि पेशी कमी मोजल्या जातात. धुतलेल्या नमुन्याच्या वरच्या द्रवात मोजून घेतलेल्या जिवंत पेशी घालून प्लेट करा. सगळ्या वाढल्या तर धुणं पुरेसं झालं.

एकाच फ्लास्कच्या तीन प्लेटा म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळी कॉलनी, वेगळा दिवस, नवीन माध्यम, असं निदान तीनदा करा. आकडे दहापटीने वरखाली झाले तर घाबरू नका, त्या दिवसाची नोंद काढून पाहा. कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

सोलापूरचा उन्हाळा आणि वीज

पुस्तकात ‘३७ अंशांवर ठेवा’ एवढंच लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि पंख्यावर चालणारी लॅब दुपारी भट्टी होते. साधा इन्क्युबेटर फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. बाहेर ४० असेल तर आत ३७ राहणं शक्यच नाही, मग डायल काहीही दाखवो. ई. कोलाय त्या तापमानालाही मजेत वाढतो, म्हणून प्लेटा पाहून संशय येत नाही. वाढीचा वेग आणि उष्णतेला पेशी देत असलेला प्रतिसाद मात्र बदलतो, आणि फेब्रुवारीतला आलेख मेमधल्या आलेखाशी जुळत नाही. कूलिंग असलेला बीओडी इन्क्युबेटर किंवा थंड होऊ शकणारा शेकर मिळवा. नसेल तर मुख्य प्रयोग मार्चच्या आत उरका. आत एक साधा थर्मामीटर पाण्याच्या फ्लास्कमध्ये बुडवून ठेवा आणि प्रत्येक नमुन्यासोबत त्याचा आकडा लिहा. औषधाच्या ट्यूब थर्मोकोलच्या डब्यात बर्फावर असाव्यात, टेबलावर नाही.

वीज गेली की शेकर थांबतो, कल्चरला हवा कमी पडते आणि पेशी मंदावतात. म्हणजे तुम्ही नकळत पर्सिस्टर वाढवत असता. औषध घालण्याआधीच्या वाढीत असं झालं तर तो दिवस सोडून द्या. औषध घातल्यावर झालं तर फ्लास्क हाताने हलवत राहा, किती मिनिटं वीज नव्हती ते लिहा, आणि निकाल वेगळा ठेवा. माध्यमाला नळाचं पाणी कधीच नको, डिस्टिल्डच घ्या.

कचरा

वापरलेल्या प्लेटा, टिपा आणि कल्चर १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करून मगच बायोमेडिकल कचऱ्यात द्या. एक गोष्ट इथे फार जणांना माहीत नसते. ऑटोक्लेव्हमध्ये अॅम्पिसिलिन बऱ्यापैकी मोडतं, सिप्रोफ्लॉक्सॅसिन मोडत नाही. जिवाणू मेले म्हणून ते द्रव बेसिनमध्ये ओतलंत तर औषध जसंच्या तसं गटारात जातं आणि तिथल्या जिवाणूंना रोज थोडं थोडं मिळत राहतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचं द्रव वेगळ्या बाटलीत साठवा, बाटलीवर नाव आणि तारीख लिहा आणि जाळून नष्ट करण्यासाठी पाठवा. ही बाटली कोण, कधी नेणार, हे प्रयोग सुरू करण्याआधीच गाइडशी बोलून ठरवा.